ढगफुटी की अतिवृष्टी? पावसाच्या बातमीत कोणता शब्द कधी वापरावा

जून ते ऑक्टोबर या काळात जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर एक निर्णय पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो, आणि तोही बहुतेक वेळा पान छपाईला सोडायच्या घाईत. आज झालेल्या पावसाला म्हणायचं काय? तालुक्याच्या वार्ताहराने पाठवलेल्या मजकुरात शब्द आलेला असतो ‘ढगफुटी’. सोबतच्या फोटोत वाहून गेलेला फरशी पूल, आडवी झालेली कपाशी, गोठ्यात शिरलेलं पाणी. शब्द फोटोला शोभतो. तो खरा आहे का, हे मात्र त्या घटकेला ना वार्ताहराला ठाऊक असतं ना उपसंपादकाला. मग पर्याय पुढे येतात. ‘ढगफुटी’ तसाच ठेवायचा, की त्याला ‘सदृश’ जोडायचं? ‘अतिवृष्टी’ करायचं, की ‘मुसळधार’वर भागवायचं? की ‘थैमान’, ‘हाहाकार’ यांपैकी काहीतरी घालून पान मोकळं करायचं?

हा आढावा त्या निर्णयासाठी आहे. डेस्कवर नव्याने आलेल्यांसाठी, तालुक्यातून बातम्या पाठवणाऱ्यांसाठी आणि स्वतःचं न्यूज पोर्टल किंवा यूट्यूब चॅनेल चालवणाऱ्यांसाठीही. कारण आता ‘ढगफुटी’ हा शब्द सर्वांत आधी तिथेच झळकतो. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. ‘ढगफुटी’ हा मराठीतला फार ताकदीचा शब्द आहे आणि तो ताकदीचा राहावा असं मला मनापासून वाटतं. म्हणून तासाभराच्या पावसाचा आकडा हातात असेल, किंवा तज्ज्ञांनी तसं म्हटलं असेल, तेव्हाच तो मथळ्यात घ्यावा. ‘ढगफुटीसदृश’ मात्र बातमीतून कायमचा गेला तरी चालेल.

ढगफुटी: हा तासाचा हिशेब आहे

भारतीय हवामान विभागाचा निकष सरळ आहे. साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरच्या मर्यादित भागात एका तासात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडला, तर ती ढगफुटी. म्हणजे या शब्दात दोन गोष्टी दडलेल्या आहेत, वेळ आणि जागा. थोड्या जागेत, थोड्या वेळात, प्रचंड पाणी. दिवसभर किती पडलं याच्याशी या शब्दाचा थेट संबंध नाही.

१०० मिलिमीटर म्हणजे किती, हे एकदा करून पाहावं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. २० चौरस किलोमीटरवर तासात १०० मिलिमीटर पडलं तर २०० कोटी लिटर पाणी झालं. धरणाच्या विसर्गाच्या भाषेत हे सुमारे १९,६०० क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. सगळंच्या सगळं लगेच वाहून येत नाही, काही जमिनीत मुरतं, काही शेतात थांबतं. तरी एवढा विसर्ग सोडायचा असेल तर पाटबंधारे खातं आधी नदीकाठच्या गावांना सावध करतं. इथे तो एखाद्या ओढ्यात, कुणालाही न सांगता उतरतो. खरी ढगफुटी इतकी भयंकर असते, आणि म्हणूनच दीड-दोन तासांच्या जोरदार सरीला तो शब्द देऊन टाकणं मला पटत नाही.

महाराष्ट्रात या निकषाला नक्की उतरलेलं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्या दुपारी एका तासात १९०च्या आसपास. त्याच दिवशी कुलाब्याची नोंद ७५ मिलिमीटरच्याही आत होती. एकाच शहरातल्या दोन केंद्रांत एवढी तफावत! ढगफुटीची ‘जागा’ ही अट किती महत्त्वाची आहे ते यातून कळतं. त्या घटनेचं मराठीत टिकलेलं नाव मात्र ‘सव्वीस जुलै’ हेच आहे. बातम्यांत तेव्हा ‘प्रलय’, ‘जलप्रलय’, ‘ढगफुटी’ सगळं छापून आलं, आणि लोकांनी तारीख लक्षात ठेवली.

आता याच्या शेजारी २२ जुलै २०२१ ठेवून पाहा. महाबळेश्वरला २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सरासरी काढली तर तासाला २५ मिलिमीटर. काही तासांत जोर जास्त असणार हे उघड आहे, पण हा पाऊस विनाशक ठरला तो सतत आणि फार मोठ्या पट्ट्यावर पडत राहिल्यामुळे. त्याच दिवशी चिपळूण बुडालं, महाड बुडालं, तळियेवर डोंगर खचून खाली आला. म्हणजे ढगफुटीचा शिक्का नसलेला पाऊस ढगफुटीपेक्षा जास्त माणसं मारू शकतो. डेस्कवर ‘ढगफुटी’ हा पावसाच्या शिडीचा सर्वांत वरचा दांडा समजला जातो. जितकी हानी मोठी तितका शब्द मोठा, असा तो हिशेब. पण ढगफुटी हा पावसाचा एक प्रकार आहे. त्याची वरची पायरी नाही.

हिमालयातल्या बातम्या मराठीत येतात तेव्हा हा घोळ आणखी वाढतो, कारण तिथल्या दर आपत्तीचं पहिलं नाव ‘ढगफुटी’ असतं आणि आपण एजन्सीच्या तारेवरून ते उचलतो. जून २०१३मध्ये केदारनाथला अनेक दिवसांचा जोरदार पाऊस, वितळता बर्फ आणि १७ जूनच्या सकाळी फुटलेला चोराबारी तलाव असं सगळं एकत्र आलं होतं. ८ जुलै २०२२ला अमरनाथच्या गुहेजवळ लोंढा आला तेव्हा देशभर ‘ढगफुटी’ छापलं गेलं. तिथल्या केंद्रावर संध्याकाळी साडेचार ते साडेसहा या दोन तासांत नोंदला गेलेला पाऊस होता ३१ मिलिमीटर. ५ ऑगस्ट २०२५ला उत्तरकाशीतलं धराली गाव गाळाखाली गेलं, तेव्हाही पहिल्या तासापासून हाच शब्द चालला. आसपासच्या केंद्रांवर मात्र तेवढ्या पावसाची नोंद नव्हती, आणि वर हिमनदीच्या भागात काय घडलं याकडे शास्त्रज्ञांनी लक्ष वेधलं. पाणी डोंगरातून आलं एवढंच पहिल्या तासाला ठाऊक असतं. तेवढंच लिहावं: ‘डोंगरातून आलेल्या लोंढ्यात गाव गाडलं गेलं.’ या वाक्यात काहीही कमी नाही.

पण आकडा नाही म्हणून ढगफुटी झालीच नाही, असंही म्हणता येत नाही. ऑगस्ट २०१०मध्ये, ५ तारखेच्या मध्यरात्री, लेहमध्ये जे झालं त्यात २०० हून अधिक माणसं गेली. लेहच्या केंद्रावरची नोंद होती केवळ १२.८ मिलिमीटर. पाऊस पडला तो केंद्रापासून दूर, वरच्या नाल्यांच्या डोक्यावर. पर्जन्यमापक जिथे नाही तिथल्या ढगफुटीची नोंद राहतच नाही, आणि महाराष्ट्रातही सह्याद्रीच्या कुशीतल्या कित्येक वाड्या अशा जागी आहेत. अशा वेळी रडारवरचं चित्र, ओढ्याच्या पाण्याची खूण आणि हवामान अभ्यासकाचं मत यांवर विसंबून ‘ढगफुटी’ म्हणणं योग्य ठरू शकतं. फक्त ते कोण म्हणतंय हे बातमीत आलं पाहिजे.

‘सदृश’: ना धड हे, ना धड ते

‘ढगफुटीसदृश पाऊस’ ही खास मराठी वृत्तपत्रांची निर्मिती. ती जन्मली कशी, हे समजण्यासारखं आहे. हवामान विभागाने ‘ढगफुटी’ नाकारली तर तोंडघशी पडायला नको आणि शब्दाचा जोरही सोडायचा नाही, यातून ‘सदृश’ आलं. माझी हरकत अशी की हा शब्द वाचकाला कोणतीही माहिती देत नाही. ५० मिलिमीटर झाला की ८०? अर्ध्या तासात की सहा तासांत? ‘सदृश’ला खालची मर्यादा नाही, वरची नाही, वेळ नाही. म्हणून तो कशालाही लागतो, आणि लागतोही. एखाद्या जिल्ह्यात एका पावसाळ्यात दर आठवड्याला ‘ढगफुटीसदृश’ छापून आलं की पुढच्या वेळी खरंच लोंढा येणार असेल तेव्हा ओढ्याकाठचा माणूस जागचा हलत नाही. त्याने हा शब्द आधी अनेकदा वाचलेला असतो आणि दर वेळी घरातच सुखरूप बसलेला असतो.

‘दुष्काळसदृश’चं उदाहरण देऊन याचा बचाव केला जातो. ती तुलना टिकत नाही. २०२३मध्ये राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि त्याबाहेरच्या अनेक महसूल मंडळांत (तालुक्यातल्या काही गावांचा महसुली गट म्हणजे मंडळ) ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर केली. तिथे ‘सदृश’मागे शासन निर्णय होता, मंडळांची यादी होती, मिळणाऱ्या सवलती ठरलेल्या होत्या. पावसाच्या ‘सदृश’मागे यातलं काहीच नाही.

ज्यांना मधली पायरी हवीच आहे त्यांच्यासाठी विज्ञानाने एक सोय केली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या अभ्यासकांनी सलग दोन तासांत ५० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस म्हणजे ‘लघु ढगफुटी’ अशी व्याख्या अभ्यासासाठी वापरली आहे. डोंगराळ भागात एवढा पाऊसही ओढा फुगवायला आणि दरड सैल करायला पुरतो. हा शब्द अजून रुळलेला नाही, पण त्याच्यामागे आकडा आहे. ‘सदृश’पेक्षा मी केव्हाही तो घेईन, अर्थात व्याख्या पहिल्या परिच्छेदातच सांगून.

अतिवृष्टी: या शब्दावर पैसे अवलंबून आहेत

डेस्कवर ‘अतिवृष्टी’ हा ‘ढगफुटी’चा सौम्य, पांढरपेशा भाऊ मानला जातो. गावात तसं नाही. गावात ‘अतिवृष्टी’ हा सगळ्यांत जड शब्द आहे, कारण त्याच्याशी पंचनामा जोडलेला आहे.

महसूल खात्याच्या हिशेबात एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी. त्यानंतर तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर येतात, पिकाचं ३३ टक्के किंवा जास्त नुकसान झालं आहे का ते पाहतात. केंद्राच्या २०२२ ते २०२६च्या निकषांत जिरायत पिकासाठी हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीसाठी १७,००० आणि बहुवार्षिक पिकांसाठी २२,५०० असे दर आहेत. राज्य सरकार वेळोवेळी त्यात भर घालतं किंवा क्षेत्राची मर्यादा वाढवतं. सोयाबीनचं बियाणं, खत, फवारणी यांचा खर्च ज्याला ठाऊक आहे त्याला हे पैसे किती तोकडे आहेत हे सांगायला नको. तरीही ते मिळणं आणि न मिळणं यात फरक आहेच.

म्हणून ४८ मिलिमीटर नोंद असलेल्या मंडळाबद्दल ‘तालुक्यात अतिवृष्टी’ असा मथळा लागला की दोन गोष्टी होतात. शेतकरी कात्रण घेऊन तहसील कार्यालयात जातो आणि त्याला सांगितलं जातं की तुमचं मंडळ यादीत नाही. आणि दुसऱ्या मंडळात खरंच ७० मिलिमीटर झालेलं असतं, त्याची वेगळी बातमी होत नाही, कारण ‘तालुक्यात’ या एका शब्दात सगळं उरकलेलं असतं. पर्जन्यमापक मंडळाच्या गावी आणि पाऊस तिथून आठ किलोमीटरवर, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. ती खरी बातमी आहे. ‘मापकात ४८, शिवारात तळं’ हे खोडून काढता न येणारं वाक्य लिहायचं सोडून आपण ‘अतिवृष्टी’ लिहितो तेव्हा त्याच शेतकऱ्याची बाजू कमकुवत करतो. अधिकाऱ्याला एक आकडा दाखवून बातमी खोटी ठरवता येते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो वार्ताहरांमध्येही पसरलेला आहे: ‘ढगफुटी’ लिहिलं की मदत जास्त मिळते. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ, पूर, गारपीट, भूस्खलन यांच्यासोबत ढगफुटी आहे, हे खरं. अतिवृष्टी राज्याने आपल्या यादीत घेतलेली आहे, तशीच अवेळी पाऊस आणि वीज पडणंही. पण पिकाच्या मदतीचा दर आपत्तीच्या नावाने बदलत नाही. तो नुकसानीची टक्केवारी आणि जमिनीचा प्रकार यांवर ठरतो. पीक विम्याचंही तसंच. पंतप्रधान पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत स्थानिक आपत्ती म्हणून ढगफुटीचं नाव होतं, पण भरपाईसाठी लागायची ती नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत दिलेली सूचना. पेपरातलं कात्रण नव्हे. शिवाय महाराष्ट्राने खरीप २०२५पासून हे जादा निकष वगळून भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांतलं पीक कापून मोजलेल्या उत्पादनावर, आणली. त्यामुळे गावाच्या कळवळ्यापोटी मोठा शब्द छापणाऱ्या वार्ताहराने हे समजून घ्यावं की त्या शब्दाने शेतकऱ्याच्या खात्यात एक रुपयाही वाढत नाही.

एप्रिल २०२३मध्ये राज्याने ‘सततचा पाऊस’ ही वेगळी आपत्ती मान्य केली. सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर, ही त्यातली मुख्य अट. बातमीसाठी हा किती निर्जीव वाटणारा शब्द! पण विदर्भ-मराठवाड्यात उभं सोयाबीन शेंगेतच उगवतं ते अशाच पावसाने. ६५चा उंबरठा एकाही दिवशी ओलांडला जात नाही आणि पीक हातचं जातं. अशा वेळी ‘ढगफुटी’ आणि ‘अतिवृष्टी’ दोन्ही चुकीचे आहेत आणि ‘सततचा पाऊस’ हा साधा शब्दच शेतकऱ्याच्या कामाचा आहे.

मुसळधार आणि त्याचे भाऊबंद

इथे फार थांबायची गरज नाही. हवामान विभागाच्या २४ तासांच्या वर्गवारीत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे आपण ज्याला मुसळधार म्हणतो तो, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार आणि त्यापुढचा अत्यंत मुसळधार. बातमीत ‘मुसळधार’ सैलपणे वापरला तरी फारसं बिघडत नाही, कारण तो पूर्वापार बोलीतला शब्द आहे आणि वाचक त्यातून आकडा काढत नाही. इशाऱ्याच्या बातमीत मात्र सैलपणा नको. उद्याच्या पावसाबद्दल हवामान विभागाने ‘अतिमुसळधार’ म्हटलं असेल तर ‘अति’ खाऊ नये, आणि म्हटलं नसेल तर पदरचं घालू नये. पिवळा, नारंगी आणि लाल हे इशारेही असेच जसेच्या तसे द्यावेत.

‘थैमान’, ‘धुमाकूळ’, ‘कहर’, ‘तांडव’, ‘हाहाकार’, ‘दाणादाण’ या शब्दांबद्दल माझं मत कडक आहे. यांत ‘हाहाकार’ आणि ‘दाणादाण’ माणसांची अवस्था सांगतात, त्यामुळे हानी मोठी असेल तर ते चालावेत. बाकीचे पावसाला एखादा गुंड किंवा देव बनवतात. रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं त्या दिवशी ‘थैमान’ वापरलं, तर ज्या दिवशी माणसं वाहून जातील त्या दिवशी काय वापरणार? ‘झोडपले’ हे क्रियापद मात्र मला आवडतं. त्यात पावसाचा मार आहे, पीक आडवं होणं आहे, आणि तो खोटा आकडा सांगत नाही. ‘परतीच्या पावसाने कांद्याला झोडपले’ हा मथळा वर्षानुवर्षं येतो आणि तरीही काम करतो.

लोक काय म्हणतात

ज्यांच्यावर हे कोसळतं ती माणसं ‘ढगफुटी’ क्वचितच म्हणतात, निदान पहिल्या दिवशी तरी. ती म्हणतात ‘आभाळ फाटलं’, ‘ढग फुटला’, ‘डोळ्यांदेखत लोंढा आला’, ‘असा पाऊस जन्मात बघितला नाही’. हे शब्द अवतरणचिन्हांत, बोलणाऱ्याच्या तोंडी, मथळ्यातसुद्धा घ्यावेत. ते मोजमापाचा दावा करत नाहीत, त्यामुळे कोणतंही खातं ते खोडून काढू शकत नाही. आणि ‘आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावायचं’ हे ज्या भाषेत आधीपासून आहे, तिला तांत्रिक शब्द उसना घेऊन भावना व्यक्त करायची गरजच पडत नाही. भावनेसाठी माणसाचं बोलणं आणि मोजमापासाठी आकडा, अशी वाटणी केली की दोन्ही आपापल्या जागी बळकट होतात.

एकच पाऊस, पाच मथळे

समजा, एका मंडळात २४ तासांत ९२ मिलिमीटर नोंद झाली. त्यातले ६० मिलिमीटर दुपारी चार ते सहा या वेळेत पडले. ओढ्याला पूर आला, फरशी पूल वाहून गेला, चाळीसेक हेक्टरवरची माती खरडून गेली.

‘तालुक्यात ढगफुटी’ हा मथळा दोन ठिकाणी चुकतो. तासाला १०० झालेले नाहीत आणि सगळ्या तालुक्यात झालेले नाहीत. ‘ढगफुटीसदृश पावसाने हाहाकार’ चुकत नाही, पण सांगतही नाही. ‘मंडळात अतिवृष्टी, ९२ मिमी पाऊस’ अचूक आहे आणि शेतकऱ्याच्या उपयोगाचा. उणीव एवढीच की पाणी इतक्या कमी वेळात आल्याची भीती त्यात उतरत नाही. ‘पावसाचे थैमान’ हा मथळा कोणत्याही गावाच्या, कोणत्याही वर्षाच्या बातमीला लावता येईल. पाचवा मथळा असा: ‘दोन तासांत ६० मिमी, पूल वाहून गेला, ४० हेक्टरवरची माती गेली’. यात एकही मोठा शब्द नाही. मी हा लावेन, आणि त्याच्या खालच्या ओळीत ‘मंडळात अतिवृष्टीची नोंद’ घेईन, म्हणजे पंचनाम्याचा धागा सुटत नाही. पोर्टलवर ‘ढगफुटी’ शोधणारे वाचक जास्त असतात म्हणून तो शब्द हवाच, असा आग्रह होतो. तेव्हा बातमीच्या आत एक ओळ घालता येते: ‘ही ढगफुटी होती का? तासाला १०० मिमीचा निकष येथे पूर्ण झालेला नाही.’ शोधणाऱ्यालाही खरं उत्तर मिळतं.

शब्द दोष कुणाच्या माथी टाकतो

या सगळ्यात मला सर्वांत गंभीर वाटणारा मुद्दा हा आहे. ‘ढगफुटी’ म्हटलं की गुन्हेगार आभाळात जाऊन बसतो. खाली कुणी काही केलेलंच नसतं.

२५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला. कात्रजपासून सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनीपर्यंत पाणी घुसलं, शहरात आणि जिल्ह्यात मिळून २० हून अधिक माणसं गेली. त्या रात्रीचा पाऊस जोरदार होता यात शंका नाही, आणि बातम्यांत ‘ढगफुटी’ आलीही. पण ओढ्याचं पात्र किती अरुंद झालं होतं, काठावर काय काय उभं राहिलं होतं, कुठे सीमाभिंत पाण्याला आडवी आली, हे प्रश्न पुढच्या काही दिवसांत शहराने विचारले म्हणून ते पुढे आले. पहिल्याच दिवशी मथळ्यात ‘ढगफुटी’ बसली की हे प्रश्न मागच्या पानावर जातात. चिपळुणातही तेच. २०२१च्या पुरानंतर चिपळूणकरांनी वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढावा म्हणून उपोषण केलं. पाऊस थांबवता येत नाही, गाळ काढता येतो, हे त्यांना कळत होतं. नदीकाठी आखलेल्या पूररेषांचंही तसंच: निळी पूररेषा २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. या रेषांच्या आत बांधकामाला परवानगी कुणी दिली, हे पावसाचं नाव काय यापेक्षा मोठं आहे.

म्हणून माझा आग्रह असा की ‘ढगफुटी’ खरोखर झाली असेल तरीही त्याच बातमीत, पहिल्या तीन परिच्छेदांत, पाणी कुठून आलं आणि कुठे अडलं हे यावं. अर्थात दोष ठरवण्याची घाईही नको. ‘पात्रात भराव होता’ असं गावकरी म्हणत असतील तर ते गावकऱ्यांच्या नावे जावं, आणि भराव बघून यायचं काम दुसऱ्या दिवशीच्या बातमीसाठी नोंदवून ठेवावं.

रात्री फोनवर काय विचारायचं

पान सोडायच्या आधी वार्ताहराला चार गोष्टी विचाराव्यात: पाऊस किती वाजता सुरू झाला, जोर किती वाजता ओसरला, आकडा कोणत्या मंडळाचा आहे, आणि तो कुणी दिला. ‘दुपारपासून धो धो चालू आहे’ या उत्तरात ढगफुटी नसते. ‘साडेचारला आला आणि साडेपाचला ऊन पडलं’ यात असू शकते. हाताने वाचायच्या पर्जन्यमापकाची नोंद सकाळी साडेआठला मागच्या २४ तासांची घेतली जाते, त्यातून तासाचा हिशेब निघत नाही. तो हवा असेल तर स्वयंचलित केंद्र शोधावं लागतं. महसूल मंडळांच्या पातळीवर ‘महावेध’ प्रकल्पातली अशी केंद्रं राज्यभर बसवलेली आहेत आणि जिल्हा कृषी कार्यालयातून आकडा मिळतो. साखर कारखाने, कृषी विद्यापीठं, धरणांवरची चौकी यांच्याकडेही स्वतःच्या नोंदी असतात. कोयनेच्या किंवा भंडारदऱ्याच्या पाणलोटातली बातमी असेल तर धरणावरचा कर्मचारी बहुतेक वेळा सगळ्यांच्या आधी सांगतो.

रात्री अकरापर्यंत आकडा नाहीच आला तर मथळा हानीचा लावावा: किती घरांत पाणी, किती जनावरं दगावली, कोणता रस्ता बंद. सकाळी नऊनंतर आकडा आला की पोर्टलवरची बातमी अद्ययावत करावी आणि वर स्पष्ट लिहावं की पावसाची नोंद आता मिळाली. छापील अंकात दुसऱ्या दिवशी तोच आकडा पहिल्या पानावर, आदल्या दिवशीच्या बातमीच्या जागीच द्यावा. आणि मंडळाची नोंद ६५च्या खाली असेल, तर पुढची बातमी कोणत्या शिवारातून करायची हेही तेव्हाच ठरवावं, कारण पंचनाम्याचा प्रश्न सर्वांत आधी तिथेच उभा राहणार असतो.